गोठ्यातला बँडसॉ

बैल गेले, गोठा राहिला. नगर जिल्ह्यात, म्हणजे कागदोपत्री आता अहिल्यानगर जिल्ह्यात, अशी घरं गावोगाव आहेत. कुणी गोठ्यात ट्रॅक्टरची अवजारं टाकतो, कुणी कांदा साठवतो. मी सुतारकीचं सामान मांडलं. धंदा म्हणून नाही. नोकरी कारखान्यात यंत्रांच्या देखभालीची आणि लाकूडकाम हा शौक. सुरुवातीची बरीच वर्षं लहान बँडसॉवर काढली. त्याची चाकं १४ इंची, मोटार १ एचपीची आणि पात्याखाली जास्तीत जास्त ६ इंच उंचीचं लाकूड जायचं. त्यानंतर १८ इंची चाकांचा, ३ एचपीचा, बिडाच्या टेबलाचा वापरलेला बँडसॉ आला.

आता ओळखीतले शौकीन आणि आयटीआय झालेली पोरं विचारतात, "मोठा घ्यावा का?" एका वाक्यात सांगायचं तर मोठ्या मशीननं कापणं सोपं होतं आणि कापण्याच्या आधीचं आणि नंतरचं काम वाढतं. ते वाढलेलं काम कुठलं, हे पुढे लिहितो.

१. आधी लाकूड बघा, मग मशीन

किती एचपीचा घ्यायचा हे ठरवण्याआधी आपल्याकडे लाकूड कुठून येणार आहे ते बघावं. माझ्याकडे ते तीन वाटांनी येतं.

पहिली वाट पडक्या माळवदांची. धाब्याची घरं पाडून स्लॅब टाकायची लाट आली तेव्हापासून जुने खांब, तुळया, सर आणि किलचा ट्रॉलीच्या भावानं जाताना दिसतात. बऱ्या घरांत हे लाकूड सागाचं असतं, बेताच्या घरांत लिंब नाहीतर बाभूळ. दोन पिढ्या छताखाली वाळलेला तो साग आज वखारीत मागून मिळत नाही. पण तो येतो जाड चौरस तुकड्यांत, कधी ६ इंची, कधी ८ इंची. त्याचा देव्हारा करायचा तर आधी फळ्या पाडायला हव्यात. ६ इंची उंचीच्या मशीनवर ८ इंची तुळई चढत नाही, आणि गोल करवतीनं दोन्ही बाजूंनी कापून मधला भाग हातकरवतीनं सोडवताना निम्मा दिवस जातो.

दुसरी वाट बांधावरच्या बाभळीची. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि त्याभोवतीच्या पाट्या हे सगळं आमच्या भागात बाभळीचं असायचं. टायरच्या लोखंडी गाड्या आल्या आणि लाकडी चाकं वळचणीला पडली. त्या जुन्या पाट्यांना रंधा लावला की आत तांबूस-तपकिरी, घट्ट लाकूड निघतं. रामकाठी बाभूळ सरळ वाढते, तिच्या लांब फळ्या मिळतात. साध्या गावरान बाभळीत वाकच जास्त.

तिसरी वाट वेड्या बाभळीची, आणि लोक हसतात ती हिच्यावर. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली ही काटेरी बला आपल्या पडीक रानांत आणि नदीपात्रांत पसरली. तिचा उपयोग सरपण आणि कोळसा. पण अमेरिकेत हिच्याच जातकुळीतल्या मेस्किटचं फर्निचर चांगल्या भावानं विकलं जातं, कारण हे लाकूड वाळताना फार कमी आकसतं. आपल्याकडे तुकडे लहान आणि वेडेवाकडे मिळतात, म्हणून त्यांना कुणी फळी मानत नाही. बँडसॉवर त्यांच्या डब्या, चमचे आणि चौरंगाचे पाय निघतात. कडेचं पांढरं लाकूड मात्र काढून टाकावं, त्याला भुंगा लागतो.

ज्यांचं काम प्लायवूड आणि तयार पट्ट्यांचं आहे त्यांनी मोठ्या बँडसॉच्या नादी लागू नये. त्या पैशांत चांगली टेबल करवत येते आणि त्या कामाला तीच लागते.

२. वनखात्याची पायरी टेम्पोच्या आधी

हा मुद्दा कुठलाही मशीनवाला आपणहून काढत नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात आदेश दिले, तेव्हापासून देशभर सॉ मिलवर कडक लक्ष आहे. लाकडावर चालणाऱ्या उद्योगांसाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. चिरलेलं लाकूड वापरणाऱ्या छोट्या उद्योगांना त्यांत परवान्यातून जी सूट आहे, ती बँडसॉ, रीसॉ किंवा ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी गोल करवत नसलेल्यांना. म्हणजे आपण ज्या यंत्राची हौस धरतो, नेमकं तेच नियमात नावानिशी आहे.

या सूचना उद्योगांसाठी आहेत, घरच्या शौकासाठी नाहीत, असा युक्तिवाद करता येतो. तो गोठ्यात बसून करण्यापेक्षा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन करावा. मशीनचं माप, मोटार आणि आपण काय कापणार हे त्यात स्पष्ट लिहावं, पोच घ्यावी, उत्तर जपून ठेवावं. मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. गोल ओंडका घरी चिरायचा नाही. तो परवाना असलेल्या सॉ मिलमध्ये फाडून, पावती घेऊन आणायचा आणि घरी फक्त त्याच्या फळ्या पाडायच्या.

झाडाचंही तसंच. १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, फणस, खैर, हिरडा अशी झाडं आहेत. ती आपल्याच शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ त्या यादीत नाही, तरी वाहतुकीचं विचारूनच ट्रॉली रस्त्यावर काढावी. माळवदाचं लाकूड घेताना घरमालकाकडून साध्या कागदावर विक्रीची चिठ्ठी घेतली की नाक्यावर बोलायला तोंड राहतं.

३. मोटारीच्या पाटीपेक्षा कणा बघा

ताकदीचं मशीन म्हणजे भरभर कापणारं मशीन, असं सगळ्यांना वाटतं. लाकूड उभं चिरताना खरी अडचण वेगळीच असते. पातं सरळ राहत नाही, पोटात वाकतं आणि फळी एका टोकाला ८ मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला ५ अशी निघते. पातं सरळ ठेवते ती त्याची ओढ.

जरा हिशोब करू. १ इंच रुंद आणि ०.०३५ इंच जाड पात्याला दर चौरस इंचाला २०,००० पौंड ताण द्यायचा, तर पात्याच्या एका बाजूवर ७०० पौंड येतात. दोन बाजू मिळून १,४०० पौंड, म्हणजे ६०० किलोच्या वर. एवढ्या जोरानं वरचं चाक आणि खालचं चाक एकमेकांकडे ओढली जातात आणि ती ओढ मशीनच्या कण्यानं सहन करायची असते. अर्धा इंची, ०.०२५ इंच जाडीच्या पात्याला हाच आकडा सव्वादोनशे किलोच्या आसपास येतो. लहान मशीनचा सांगाडा तेवढ्यापुरताच केलेला असतो. त्यावर १ इंची पातं चढवून हँडल पिळलं तर पात्याआधी सांगाडा वाकतो. त्याला ३ एचपीची मोटार लावली तरी कण्याचं दुखणं तसंच राहतं.

म्हणून वापरलेलं मशीन बघायला गेल्यावर मी मोटारीकडे शेवटी बघतो. आधी पातं पूर्ण ताणायला सांगायचं, मग ताणलेल्या अवस्थेत दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते लांब पट्टी लावून बघायचं. नंतर पट्टा काढून चाक हातानं फिरवायचं आणि बेअरिंगचा आवाज ऐकायचा. बिडाच्या भागांवर, विशेषतः टेबलाखालच्या कमानीवर, वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर नमस्कार करून निघायचं.

आणखी एक बघायचं. बेअरिंग ६२०५ सारखी साध्या नंबरची आहेत का आणि पट्टा बी सेक्शनचा आहे का. हे दोन्ही नगरच्या बाजारात उभ्या उभ्या मिळतं. बटाला-लुधियानाकडच्या किंवा राजकोटच्या ओतशाळेतलं साधं देशी मशीन असेल तर नागापूर एमआयडीसीत कुठलाही लेथवाला त्याचा शाफ्ट आणि पुली करून देतो. परदेशी मशीन दिसायला देखणं, पण त्याचा एक प्लास्टिकचा गिअर तुटला की ते गोठ्यात शोभेला उभं राहतं.

४. वीज हेच अर्धं मशीन

खेड्यात राहणाऱ्यानं हा मुद्दा दोनदा वाचावा.

३ एचपी म्हणजे सव्वादोन किलोवॉट. सिंगल फेजवर ही मोटार चालताना १७-१८ अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहापट. घरातले दिवे डोळा मारतात, फ्रिज कुरकुरतो. थ्री फेजवर तीच मोटार दर फेजला ५ अँपिअरच्या आत चालते. म्हणजे थ्री फेज बरं. पण ते आणायचं कुठून?

लगेच नजर जाते विहिरीवरच्या पंपाच्या जोडणीकडे. केबल टाकली की झालं, असं सांगणारे दहा जण भेटतील. शेतीसाठी मंजूर वीज दुसऱ्या कामाला वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दरानं होते. शिवाय शेतीची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, पाळ्यांनी येते. फळी निम्मी चिरली आणि लाइट गेली तर पातं लाकडात अडकून राहतं. रात्री दोन वाजता उठून पाणी भरणं वेगळं आणि रात्री दोन वाजता उठून साग चिरणं वेगळं. दुसऱ्याला घरची माणसं वेड म्हणतात आणि त्यांचं बरोबर असतं.

घर गावठाण फीडरवर असेल तर महावितरणकडे रीतसर थ्री फेजची मागणी करावी. मी तेच केलं. वस्तीवर राहणाऱ्यांना ते जमेलच असं नाही. त्यांच्यापुढे दोन पर्याय उरतात. एक, सिंगल फेजची कपॅसिटरवाली मोटार. दुसरा व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारं यंत्र. व्हीएफडी घेताना मोटारीची पाटी नीट वाचावी. साधा व्हीएफडी २३० व्होल्ट घेतो आणि तेवढेच देतो. मोटार ४१५ व्होल्ट डेल्टावर चालणारी असेल तर तिला निम्म्याहून थोडेच जास्त व्होल्ट मिळतात, आणि फिरण्याचा जोर एक तृतीयांशापर्यंत उतरतो. अशी मोटार आधी भरून घ्यावी लागते. मोटार भरणाऱ्याला "व्हीएफडीवर २३० ला चालवायची आहे" एवढं सांगितलं की तो समजतो. पंपांच्या कृपेनं आपल्या जिल्ह्यात मोटारी भरणाऱ्यांची वाण नाही.

रब्बीत सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडतं. २३० चं १९० झालं तर मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं घटतो, म्हणजे जवळपास एक तृतीयांश गेलाच. अशा वेळी जाड बाभूळ पात्याखाली घालू नये. मोटारीचा आवाज जड झाला की हात थांबवावा. थ्री फेजवर एखादा फेज उडाला तर मोटार दोनावर चालत राहते आणि जळते, म्हणून स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर हवाच. अर्थिंगसाठी मीठ-कोळशाचा खड्डा वेगळा करावा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहावं. आमच्या कोरड्या मुरमात ते विसरलं की अर्थिंग नावापुरतं उरतं.

५. दार मोजा

मशीन दोनशे किलोच्या पुढचं असतं आणि सगळं वजन वर. आडवं झोपवून आणू नये, कणा आणि टेबलाची कमान यांना ते मानवत नाही. टेम्पोत उभं बांधून आणायचं, चेन पुलीनं उतरवायचं आणि जीआय पाइपाच्या तुकड्यांवर पहारीनं पुढे सरकवायचं. शहाबादी फरशीवर ठेवू नये, खाली सिमेंटचा कोबा हवा. आणि दाराची रुंदीच नाही, उंचीही मोजावी. गोठ्याची दारं बैलांच्या मापाची असतात.

६. पातं

बँडसॉची कल्पना जुनी आहे. लंडनच्या विल्यम न्यूबेरीला १८०९ मध्ये तिचं पेटंट मिळालं, पण पुढची कितीतरी वर्षं यंत्र चाललं नाही, कारण पात्याचा सांधा टिकत नव्हता. चाकावरून सारखं वाकणारं, सरळ होणारं पातं जोडावरच तुटायचं. १८४६ मध्ये फ्रान्समध्ये ॲन पॉलिन क्रेपां या बाईंनी सांधा जोडण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि पॅरिसच्या पेरां कंपनीनं ते विकत घेऊन पुढे चालणारी यंत्रं बाजारात आणली. आज गल्लीतल्या वेल्डरकडून पातं जोडून घेतानाही प्रश्न तोच असतो.

जोड दोन प्रकारे होतो. टोकाला टोक लावून विजेनं वेल्ड करतात, किंवा टोकं तिरपी घासून एकावर एक ठेवून झाळतात. कुठल्याही पद्धतीनं केला तरी तीन गोष्टी बघायच्या. सांध्याची जाडी बाकी पात्याएवढीच घासलेली हवी. पाठ सरळ हवी. पट्टी लावली तर उजेड दिसता कामा नये. आणि सांधा वेल्डनंतर पुन्हा तापवून हळू थंड केलेला हवा, नाहीतर तो कडक होऊन काचेसारखा तुटतो. चांगला जोडणारा सापडला की त्याला सोडू नये, पैशांवरून तर नाहीच.

लांबी काढायचं गणित सोपं आहे. दोन्ही चाकं सारखी असली तर चाकाच्या व्यासाला ३.१४ नं गुणायचं आणि दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर दुप्पट करून त्यात मिळवायचं. १८ इंची चाकं आणि ४० इंच अंतर असेल तर साडेछप्पन्न अधिक ऐंशी, म्हणजे एकशे साडेछत्तीस इंच. वरचं चाक वर-खाली सरकतं, म्हणून ते सरकण्याच्या मधोमध ठेवून माप घ्यावं.

दातांच्या बाबतीत लोक उलटं करतात. जास्त दात म्हणजे साफ काप, म्हणून उभ्या चिरण्यालाही इंचाला दहा दातांचं पातं घालतात. १० इंच उंच लाकडात शिरलेला प्रत्येक दात बाहेर पडेपर्यंत आपला भुसा दोन दातांमधल्या खाचेत वाहून नेतो. खाच लहान असली की ती मध्येच भरते, भुसा दाबला जातो, पातं तापतं आणि भरकटतं. चिरायला इंचाला तीन दात, पाऊण किंवा एक इंच रुंदी. वळणाच्या कामाला याच्या उलट: पाव इंची पातं साधारण पाऊण इंच त्रिज्येच्या आतलं वळणही घेतं, पाऊण इंचीला साडेपाच इंचांची त्रिज्या लागते.

फायदा कुठे दिसतो तर तो इथे. ५० मिलिमीटर जाडीच्या सागाच्या फळीतून ६ मिलिमीटरचे पातळ पत्रे काढायचे आहेत असं धरा. गोल करवत प्रत्येक कापाला ३ मिलिमीटर भुशात घालवते, त्यामुळे पाच पत्रे निघतात. बँडसॉचा काप १ मिलिमीटरचा, त्यातून सात निघतात. जुन्या माळवदाच्या सागात दोन पत्रे म्हणजे देव्हाऱ्याचं एक दार.

सागाचा चीक पात्यावर चढतो. तो रॉकेलच्या बोळ्यानं पुसावा. काम संपलं की ताण सैल करावा, कारण पत्र्याच्या शेडखाली एप्रिल-मेमध्ये चाकावरचं रबर मऊ पडतं आणि रात्रभर ताणलेलं पातं त्यात खड्डा पाडतं.

७. लोहचुंबक खिशात

जुन्या तुळईत खिळे असतातच. दिसणारे पक्कडीनं निघतात. डोकं तुटून आत राहिलेला, वर चुन्याचा थर बसलेला लोहारी चौकोनी खिळा दिसत नाही. त्याच्यापायी सबंध पात्याचे दात जातात. आधी तारेच्या ब्रशनं माती काढायची, मग जाड लोहचुंबक दोऱ्याला बांधून चारी बाजूंनी फिरवायचं. साग लोखंडाशेजारी काळा पडतो. काळा डाग दिसला की तिथे पटाशीनं उकरून बघायचं. एवढं करूनही माळवदाच्या लाकडासाठी मी एक जुनं, स्वस्त पातं वेगळं ठेवतो. पहिला काप त्याचा. आत काही नाही अशी खात्री पटली की मग चांगलं पातं.

८. पातं जिकडे ओढतं तिकडे

नवं पातं चढवलं की ते टेबलाच्या कडेला समांतर जाईलच असं नाही. दात एका बाजूला किंचित जास्त वाकलेले असतात आणि पातं त्या बाजूला ओढतं. आधाराची पट्टी काटकोनात कसून लाकूड जबरदस्तीनं ढकललं की पातं पोटात वाकतं.

एका टाकाऊ पट्टीवर कडेला समांतर रेघ मारायची. पट्टी मोकळ्या हातानं, रेघ धरून निम्म्यापर्यंत कापायची आणि मशीन बंद करायचं. पट्टी ज्या कोनात थांबली आहे तोच त्या पात्याचा कोन. आधाराची पट्टी त्या कोनात कसायची. मला हे दाखवलं गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. त्यांनी आयुष्यात कधी घरचा बँडसॉ वापरला नव्हता. वखारीतलं मशीन लांबून बघितलेलं. "लाकडाला नगं इचारू, पात्याला इचार त्याला कुठं जायचंय," एवढंच म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

जाड तुकडा चिरताना घाई केली की फळी पोटात फुगीर निघते. ढकलायचा वेग आवाजावरून ठरतो. मोटारीचा सूर खाली न उतरता भुसा सारखा पडत राहिला पाहिजे.

९. चिरली म्हणजे फळी झाली नाही

जाड लाकूड बाहेरून वाळतं, आत ओल धरून असतं. वखारवाला "वाळलेलं आहे" म्हणतो तेव्हा तो बाहेरच्या अर्ध्या इंचाबद्दल बोलत असतो. ते मधोमध चिरलं की आतली ओली बाजू उघडी पडते, भराभर आकसते आणि दोन दिवसांत फळी त्या बाजूला वाटी होते. लहान मशीनवर एवढं जाड कापताच येत नव्हतं, म्हणून हे दुखणं माहीतच नव्हतं.

उपाय म्हणजे धीर. हवं त्यापेक्षा ३-४ मिलिमीटर जाड चिरायचं. फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी लावायची. पट्ट्या एकाखाली एक, सरळ रेषेत, नाहीतर फळी मध्ये झोळ खाते. टोकांना जुना ऑइलपेंट फासायचा, कारण ओल टोकांतून सगळ्यात आधी पळते आणि तडे तिथूनच पडतात. थप्पीवर दगड. हिरवं लाकूड असेल तर इंचाला एक वर्ष हा सुतारांचा जुना हिशोब अजून चालतो. आमच्या कोरड्या हवेत थोडं लवकर. ओल मोजायचं खिशातलं मीटर महाग नाही. १२ टक्क्यांच्या खाली आलं की मी पटाशी हातात घेतो.

एकाच जिल्ह्यात हवा किती वेगळी असावी! अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस, आणि नगर, पाथर्डी, जामखेडचा पट्टा पर्जन्यछायेत, पाचशे-सहाशेच्या घरात. श्रावणात डोंगराकडून आणलेली फळी तशीच कपाटाच्या दारात बसवली तर चैत्रात फटीतून पलीकडचं दिसतं. रुंद फळी खाचेत मोकळी ठेवावी, चारी बाजूंनी डिंक लावून जखडू नये. तिला हलायला जागा दिली नाही तर ती स्वतः तडा पाडून जागा करून घेते.

१०. भुसा आणि नाक

मोठ्या मशीनचा भुसा पोत्यांनी निघतो. भुशाची शेगडी असणारी घरं कमी झाली, तरी पोल्ट्रीवाले अंथरायला मागतात. त्यांना बाभळीचा-सागाचा वेगळा करून द्यायला लागत नाही. प्लायवूडचा मात्र देऊ नये, त्यात डिंकाची रसायनं असतात.

पोत्यात जातो तो भुसा त्रास देत नाही. हवेत तरंगतो तो देतो. सागाच्या बारीक धुळीनं कातडी खाजते, शिंका येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे, आणि तो कर्करोग नाकाचा. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. एन-९५ मास्क लावावा, पात्याखाली धूळ ओढणारा पंखा जोडावा आणि दोन्ही दारं उघडी ठेवावीत. करोनात घेतलेले मास्क कुणाकडे उरले असतील तर ते इथे संपवावेत.

११. बोटं

बँडसॉ लाकूड खाली टेबलाकडे दाबतो, गोल करवतीसारखं अंगावर फेकत नाही. म्हणून तो साधा वाटतो. साधा वाटतो म्हणूनच बोटं जातात.

वरचं गार्ड लाकडाच्या जेमतेम वर, पाव इंचावर. शेवटचे चार इंच ढकलकाठीनं. गोल तुकडा कधीही नुसता हातानं धरायचा नाही, तो फिरतो आणि हात ओढतो. त्याला इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेत ठेवायचं. कापताना हातमोजे नाहीत. खांद्यावर टॉवेल नाही, गळ्यात उपरणं नाही. आमच्याकडे ही सवय मोडणं सगळ्यात अवघड. बटण बंद केल्यावरही मोठं चाक बराच वेळ फिरत राहतं आणि तेव्हा आवाज नसतो. पातं पूर्ण थांबेपर्यंत भुसा झटकायला हात पुढे करू नये. गुंडाळलेलं पातं सोडताना मात्र हातमोजे आणि चष्मा दोन्ही, कारण ते झेप घेतं.

लहान मुलं गोठ्यात येतात. स्टार्टरला कुलूप लावावं.

१२. गावाची कामं

मोठं मशीन आल्याची बातमी लपत नाही. कुऱ्हाडीचा दांडा, खाटेचा गात, चौकटीची पट्टी, लग्नाचा पाट. "एकच काप मारायचाय" म्हणत माणसं येतात. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ च्या ‘गावगाड्या’त सुतार हा बलुतेदार आहे, तो वर्षभर शेतकऱ्याची औतं नीट ठेवायचा आणि सुगीत खळ्यावर धान्य न्यायचा. ती पद्धत मोडली, पण सुतारकाम शेजारधर्मात होतं ही समजूत अजून शाबूत आहे.

मी काप मारून देतो, पैसे घेत नाही. पैसे घेतले की घरगुती वीजजोडणीवर धंदा होतो आणि वनखात्याला लिहून दिलेल्या शब्दालाही बाध येतो. दोन अटी आहेत. लाकूड कुठून आणलं ते सांगायचं आणि खिळे स्वतः काढून आणायचे. दुसऱ्या अटीवर निम्मे लोक परत जातात. ज्यांचं पोट सुतारकामावर आहे त्यांची गिऱ्हाइकं मी घेत नाही. दार-खिडकीचं काम आलं की गावातल्या मिस्त्रींचं नाव सांगतो. त्यांना जाड साग चिरायचा असला की ते माझ्याकडे येतात आणि मला रंध्याला धार लावायची असली की मी त्यांच्याकडे जातो. त्यांची धार माझ्यापेक्षा चांगली आहे आणि ते ती कशी लावतात हे अजून सांगत नाहीत.

१३. लहान मशीन विकू नका

मोठा आल्यावर लहान विकून पैसे मोकळे करावेत, असं सगळे सुचवतात. पण मोठ्या मशीनवर पातं बदलणं म्हणजे ताण सोडा, गार्ड उघडा, गाइड मागे घ्या, पातं चढवा, चाक हातानं फिरवून मधोमध आणा, पुन्हा ताणा, गाइड लावा. एका गोलाईसाठी हे कोण करणार? माझ्या लहान बँडसॉवर पाव इंची पातं कायम चढवलेलं असतं. मोठ्यावर चिरायचं, लहानावर वळणं घ्यायची. खुर्चीच्या पाठीचा वाक, चमच्याचा दांडा, पोळपाटाची गोलाई हे सगळं १ एचपीचं काम आहे, आणि ते रब्बीतल्या पडक्या व्होल्टेजवरही चालतं.